डाग

आमच्या डुक्कर फियाटचा काटा
मालकांच्या वेळेपासून खाली पडलेला.
टाकी तुडुंब भरा, तो म्हणे रिकामी.
बाबा त्याच्याकडे बघतच नसत.
डिकीत एक सागवानी पट्टी, चाकूने पाडलेल्या खुणा :
इथवर दिग्रस, इथवर कारंजा,
वरची अमरावती. जाऊन येऊन.

जिनिंग बंद पडलं तेव्हा सात महिन्यांच्या पगारापोटी
गाडी मिळाली.
पट्टी बाबांची स्वतःची होती.

एकदाच फसले. कारंज्याच्या रस्त्याला, मागे नवरदेव,
पट्टी घरी राहिलेली.
वरात दोन मैल पायी गेली
हबीबचाचांच्या पेट्रोमॅक्समागे,
आणि बाबा अंधारात गाडीपाशी,
सीटवर बाशिंगाचा एक सुटा मोती.

मी शेतपंपाच्या मोटारी भरते, दारव्ह्यात.
पाटी नाही, दाराशी तांब्याच्या तारेचं भेंडोळं.
जळकी वाइंडिंग मला वासावरून कळते.
ही गाडी मात्र सहा वर्षं झाकून ठेवली होती.

रविवारी डिकीतली चटई काढली.
सेंडरची वायर सोडवून बॉडीला टेकवली
तर काटा ताडकन उठला,
मागच्या बाकावरचं पोरगं
हजेरीत नाव आल्यावर उठतं तसा.
म्हणजे काटा खरा.
खोटं बोलत होतं ते टाकीत.

पाच स्क्रू. दोन सुटले,
तिघांना रात्रभर रॉकेल पाजलं.
कॉर्कचं गॅस्केट भाकरीच्या पापुद्र्यागत हाती आलं.
मग वाकडी दांडी, टोकाला लिंबाएवढा पितळी फ्लोट.
कानाशी धरून हलवला.
आत वाजलं.

तरंगायचं त्याचं काम,
आणि तो पिऊन बसला होता.
दांडी बिचारी इमानाने कळवत राहिली
तळ लागला, तळ लागला.

हबीबचाचांच्या बत्त्या आता कोणी नेत नाही,
पण कथील, नवसागर, लाकडी मुठीचा कय्या
अजून त्याच डब्यात.
"पोटात पेट्रोल ठेवून डाग देतं का वं?
आंधी रिकामा कर त्याले."
चुलीपासून लांब, अंगणाच्या कडेला
गरम पाण्यात बुडवला.
जोडावरून बुडबुड्यांची बारीक माळ सुटली.
टाचणीएवढं भोक.
सुईने मोठं केलं, उलटा धरला.
दोन चमचे. पिवळं, वार्निशच्या वासाचं.
हे कोणत्या सालचं?
मालकांच्या पैशाचं, की आमच्या?
मातीने विचारलं नाही.

मग पुन्हा उकळलं, वाळवलं, पुन्हा हुंगलं,
आणि चाचांनी कय्या तापवला.
डाग आमच्याकडे तीन जागी देतात.
भांड्याला. बैलाला.
तिसरा मी सहा वर्षांपूर्वी दिला,
भाऊ होता तरी,
मागून घेतला.
कथलाचा थेंब चकाकला, मग मंद झाला.
चाचांनी फुंकर घातली नाही.
"आपला आपण थंड होऊ दे."

दांडीवरच्या तारेची वेटोळी केसाहून बारीक,
माझ्या ओळखीची.
दोन काळी पडली होती,
पोराच्या कंपासातल्या खोडरबराने पुसली.
अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडला.
नवं गॅस्केट. पाच स्क्रू.

दहा लिटर ओतलं. चावी फिरवली.
काटा उठला, थरथरला,
पावाच्या किंचित खाली थांबला.
पट्टी बुडवून पाहिली :
कारंज्याच्या वर एक बोट.
दोघांत एवढं अंतर.

"दांडी वाकवू का जराशी?"
"राहू दे. कमी सांगनारा बरा.
जास्त सांगनाऱ्यानं लोक रस्त्यात ठेवले."

पट्टी डिकीत ठेवायला घेतली.
पेट्रोल उडत होतं लाकडावरून,
ओल कारंज्यावरून दिग्रसकडे सरकत होती,
अमरावती कोरडीच.
चाचांना म्हटलं, बसा पुढे.
ते आधी मागचं दार उघडून
सीटवर हात फिरवत राहिले,
काहीतरी शोधल्यासारखे.